कालवगडचा तास

ऐका मास्तर. ताई, तुम्हीपण ऐका. त्या पायरीवर नको, दगड गार असतो, इकडे गोणपाटावर या. सुगंधा, पाव्हण्यांना कोरा चहा दे गो, आणि कंदील जरा बारीक कर. उजेडाला किडे येतात.

तर तुमचं ठरलंय. उद्या पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी, आमची सुकती हो, तेव्हा कातळावरून चालत कालवगडावर जायचं. होडी नऊशिवाय सुटत नाही आणि तुम्हाला उगवतीला गड बघायचाय. बघा की. गड आमचा बघण्यासारखाच आहे. सहा बुरूज आहेत. गोड्या पाण्याची विहीर आहे, चारी बाजूंनी समुद्र आणि मधे गोडं पाणी. लढाईतले तोफेचे गोळे अजून तटात रुतलेत, हाताला लागतात. मी जाऊ नका म्हणत नाही. मी कोण म्हणणारा? मला धड सहीसुद्धा करता येत नाही आणि तुम्ही शाळेतली माणसं. पण चहा संपेस्तोवर माझं एक ऐका. मग काय ते ठरवा.

ही गोष्ट ऐकीव नाही. ही माझ्या अंगावरची आहे.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा असेन. दिवाळीचे दिवस. आदल्या दिवशी भाऊबीज झालेली. सण उरकून आमच्या खारवणे गावच्या सगळ्या होड्या पहाटेच खोल पाण्यात गेलेल्या. चार दिवस परत यायच्या नव्हत्या. गावात राहिले म्हातारे, बायका, पोरं आणि मी. मी का राहिलो? माझा बापूस आजारी. म्हादू तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. चाळीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस, आठ दिवसांत वाळून गेला. छातीत कफ. श्वास घेतला की आत वाळू घसरल्यासारखा आवाज यायचा.

दिवेलागणीला वैद्य आला. नाडी बघितली. मला बाहेर खळ्यात घेऊन गेला आणि म्हणाला, "धाकू, मला काही हा उद्याचा दिवस काढेल असं वाटत नाही."

मी आत आलो. तर बापूस डोळे उघडून दाराकडे बघतोय. म्हणाला, "बाय कुठाय?"

मी तिथेच खाली बसलो हो. कारण दोन वर्षांत त्याने हे नाव घेतलं नव्हतं.

बाय म्हणजे माझी मोठी बहीण. नाव शेवंती, पण आम्हाला ती बायच. आमची आई लवकर गेली. मला न्हाऊमाखू बायनेच घातलं. माझ्या तोंडात पहिला घास तिचा. तिला दिली होती गडावर. तेव्हा गडाच्या आत नऊ घरं होती, माणसं राहायची, आता तिथे फक्त करवंदाची जाळी आहे. आणि बापसाने तिला सांगितलं होतं, माझ्या उंबऱ्यावर परत येऊ नकोस. मलाही तिकडे जायची बंदी. दोन भाऊबिजा अशाच गेल्या. का, ते सांगतो. सगळं सांगतो, सावकाश.

आता रात्रीचं गडावर जायचं कसं? किनाऱ्यावर एकच होडी उरलेली, तिची फळी निखळलेली. राहिली ही कातळाची वाट. तिजेची रात्र. साडेसात-आठला पाणी पुरतं उतरणार, साडेनवापर्यंत वाट उघडी. जायचं, तिला घ्यायचं आणि पाणी भरायच्या आत फिरायचं. मी कंदील घेतला आणि निघालो.

शेजारची काशीकाकू वाळूच्या पुळणीपर्यंत मागे आली. "धाकू, तास ऐकलास तर काय करायचं, ठाऊक आहे ना?"

म्हटलं, "उलट करायचं."

"हां. आणि कोणी विचारलं किती जण, तर जीभ चावून गप राहायचं. सांगशील तेवढे तो नेतो."

आता हे काय, ते तुम्हाला कळायला नको? ऐका.

लढाईच्या काळातलं आहे. माझ्या आज्याच्या आज्याच्या वेळचं. टोपीकरांच्या गलबतांनी कालवगडाला वेढा घातला. दोन महिने वेढा. तीन बाजूंनी तोफा. पण चौथ्या बाजूला, आपल्या बाजूला, हा कातळ. इथे पाणी उथळ, गलबत शिरत नाही. मग आमच्या गावची माणसं काय करायची? रात्री सुकती लागली की डोक्यावर वेताच्या पाट्या घेऊन निघायची. तांदूळ, सुकी मासळी, औषधाचा पाला, जे असेल ते. अंधारात जायची, अंधारात यायची. दिवा लावायची सोय नाही, दिवा दिसला की तोफ. मग पाणी कधी उतरलं, कधी फिरलं, हे कळणार कसं?

तर गडावर एक माणूस होता. तासकरी. त्याचं काम एवढंच. समोर पाण्याचं घंगाळ, त्यात बारीक भोकाची तांब्याची वाटी. वाटी भरून बुडली की एक घटका झाली. तो समुद्राचं येणं-जाणं त्या वाटीवर धरून असायचा. आणि शेजारी टांगलेला तास. तास म्हणजे काशाची जाड थाळी, देवळात असते ना, तशीच, पण परातीएवढी. वाट उघडली की तो एक-एक टोला द्यायचा. संथ. टण्ण... मग एक श्वास थांबायचा... टण्ण. म्हणजे या. आणि पाणी येणार असलं की जोडटोले. टणटण! टणटण! टणटण! म्हणजे असाल तिथून उंचावर जा, पुढे पाऊल टाकू नका. आमची माणसं डोळे मिटून त्या तासावर चालायची. दोन महिन्यांत एक माणूस बुडालं नाही.

पण तास काय, सगळ्यांनाच ऐकू जातो. टोपीकरांनाही गेला. त्यांनी खूण ओळखली. पलीकडच्या खाडीत माणसं उतरवली आणि बेत केला, संथ टोले ऐकले की आपणही याच वाटेने गडावर चढायचं. किल्लेदाराला हे कळलं. त्याने तासकऱ्याला हुकूम दिला: आज पाणी चढत असताना संथ टोले दे. येऊ देत त्यांना. आणि खारवण्याला निरोप धाडला, आज कोणी निघू नका. निरोप्या वाटेतच पकडला गेला. निरोप गावाला पोचलाच नाही.

त्या रात्री टोपीकर बुडाले. खूप बुडाले. आणि आमची अकरा माणसं. सात बाया, चार बापये. त्यातली एक आमच्याच घरातली, माझ्या बापसाच्या पणज्याची आई.

गड वाचला. पुढे पडला तो पडलाच, पण त्या दिवशी वाचला. सकाळी तासकऱ्याने तटावरून खाली बघितलं, तर पाण्यावर वेताच्या पाट्या तरंगतायत. त्याने हातातली तास वाजवायची मोगरी खाली ठेवली. गडाच्या दिंडीदरवाज्यातून बाहेर पडला आणि त्या पाट्यांकडे चालत गेला. चालत गेला तो गेलाच. त्याचं नावसुद्धा कोणाला ठाऊक नाही.

तेव्हापासून, मास्तर, रात्री कातळावर तास वाजायचा. मी ऐकलाय. आणि आमच्या गावात मूल चालायला लागलं की त्याला पहिली शिकवण हीच: तासकरी खोटं वाजवतो. ये म्हणाला तर थांबा, थांब म्हणाला तर चला.

बायला गडावर दिल्यावर ती पहिल्या खेपेला माहेरी आली. जेवायला बसलो होतो. ती बोलून गेली, "बाबा, मला तिथे रात्री झोप लागत नाही. तास ऐकते. खिडकीतून पाणी दिसतं. चार महिने बघतेय. तो खरं वाजवतो."

बापसाचा हात ताटात तसाच राहिला. म्हणाला, "काय म्हणालीस?"

"खरं वाजवतो, बाबा. एकदापण चुकला नाही."

"आपली माणसं खाल्ली त्याने! आणि तू माझ्या घरात बसून त्याची कड घेतेस? ऊठ. जा तुझ्या गडावर."

ती उठली. भरल्या ताटावरून. मागे वळून बघितलं नाही. दोघंही एकाच मातीची हो. बोलणार तर एकच बोलणार.

चहा गार झाला काय, ताई? सुगंधा, घाल गो आणखी.

तर मी कातळावर उतरलो. तिजेची कोर बुडायला टेकलेली. वारा नाही. पाणी घोट्याच्याही खाली. कातळाला कालवं चिकटलेली, त्यांचे शिंपले धारदार, पाय जरा घसरला की कापलाच. मी आपला जपून चाललोय. चुबूक, चुबूक. आणि ऐकतो तर काय! माझी दोन पावलं पडतायत आणि तिसरं कोणाचं तरी पडतंय. मी थांबलो. ते एक पाऊल जास्त पडलं आणि मग थांबलं. चाललो. परत तेच. कंदील वर धरला. कोणी नाही हो! नुसतं पाणी.

रामाचं नाव घेत पुढे निघालो. थोड्या वेळाने कोणीतरी खोकलं. डाव्या बाजूला. म्हातारं माणूस पहाटे उठून खोकतं ना, तसं. धावावं म्हटलं तर कालवं. निम्म्या वाटेवर एक उंच कातळ आहे, बसलेल्या म्हशीसारखा दिसतो, म्हणून म्हैसकातळ. तिथे पोचलो आणि आवाज आला.

"कोण? किती जण?"

दरवाज्यावरचा पहारेकरी विचारतो, तसा. मी जीभ चावली. रक्ताची चव आली तोंडात.

"किती जण रे?" आता मागे, खांद्याशी.

मी पाऊल उचललं. उचललं आणि कानाशी, अगदी इथे, "एकटाच? एवढ्या अंधाराचा?"

मग मात्र मी धावलो. कसा धावलो ते विचारू नका. दोन्ही तळवे फाटले. गडाच्या दिंडीतून आत शिरलो आणि बायच्या घराच्या कडीला लोंबकळलो.

बायने दार उघडलं. काखेत तिची आठ महिन्यांची पोर. मी मामा, आणि पोरीला पहिल्यांदा बघत होतो. बायने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काल का नाही आलास?"

"बाय, अगो..."

"काल रात्रीपर्यंत तबक लावून बसले होते मी. तेल संपलं निरांजनातलं."

"बाय, बाबा चाललेत. तुला विचारतात."

तिने पोरीला दुसऱ्या काखेत घेतलं. मग हळू विचारलं, "नाव घेतलं?"

"घेतलं. बाय कुठाय, म्हणाले."

आतून सासू आली. "रात्रीची तान्हीला घेऊन कातळावर जातेस? आणि कोणासाठी? ज्याने भरल्या ताटावरून उठवली त्याच्यासाठी?"

"आत्याबाई, उठवणाऱ्यानेच बोलावलंय." एवढंच बोलली. लखू, तिचा नवरा, होडीवर गेलेला, विचारायचं कोणाला? तिने पोरीला लुगड्याच्या झोळीत घालून छातीशी बांधली. मी म्हटलं, चल. तर ही म्हणते, "बस."

"बाय, पाणी फिरेल!"

"बस म्हणते ना! एकच क्षण."

आणि निरांजन लावून मला ओवाळलं हो तिने. तिथेच, उंबऱ्यात. घाईघाईने. कुंकू कपाळाला लावायचं ते नाकावर आलं. तशातही तिला हसू फुटलं. म्हणाली, "ओवाळणी?"

"काही आणलं नाही गो. धावत आलो."

"मग माझं एक ऐकायचं. मी मागेन तेव्हा. नाही म्हणायचं नाही."

मी म्हटलं, बरं. त्या घाईत माणूस कशालाही बरं म्हणतो.

निघालो. मी पुढे कंदील घेऊन, ती मागे. कोर बुडाली होती. पाणी अजून उतरतच होतं, माझ्या डोळ्यांनी बघत होतो. म्हैसकातळ मागे टाकला. पन्नासेक पावलं पुढे गेलो असू.

टणटण! टणटण! टणटण!

असा वाजला हो! पायाखालचा कातळ थरथरला. पोर दचकून रडायला लागली. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बरं झालं. थांब म्हणतोय म्हणजे वाट उघडी आहे. चल लवकर."

मागे बघतो तर बाय थांबलेली.

"बाय, चल!"

"मागे फीर, धाकू. म्हैसकातळावर."

"वेड लागलं काय? पाणी बघ. घोटाभर नाही. अजून उतरतंय!"

"बघतेय. तरी फीर."

मी कंदील खाली ठेवला आणि तिचा दंड धरला. रडत होतो मी. "बाबा गेले तर? एवढं येऊन दारात प्रेत बघायचंय तुला? त्या बुडालेल्या माणसापायी एकदा बाप तुटला तुझा, आता परत?"

ती म्हणाली, "ठाऊक आहे मला काय सोडतेय ते. ओवाळणी दे माझी. फीर."

आता सांगा, मी काय करणार? बहिणीला बरं म्हटलेलं, कुंकू अजून नाकावर. मी फिरलो. शिव्या देत फिरलो. तासकऱ्याला, तिला, स्वतःला. आधी तिला कातळावर चढवली. मी एक पाय वर घेतला, दुसरा खालीच.

तेवढ्यात सगळं पाणी मागे गेलं. वारा नाही, काही नाही. कातळाच्या खड्ड्याखड्ड्यातलं पाणी सुरसुर करून समुद्राकडे ओढलं गेलं. आणि अंधारात काहीतरी उंच पांढरं उभं राहिलं. बायने माझी मानगूट धरून मला वर खेचलं. लाट आली. मास्तर, आम्ही पन्नास पावलांवर जिथे भांडत उभे होतो ना, त्या जागेवरून ती लाट गेली. कंदील गेला. दुसरी आली. तिसरी. म्हैसकातळावर आमच्या कमरेपर्यंत पाणी. मी बायला घट्ट कवटाळलं, बायने पोरीला. दूर खोल समुद्रात कुठेतरी वादळ झालं होतं, ते आम्हाला मागाहून कळलं. आमच्या होड्या वेळीच एका खाडीत शिरल्या होत्या, सगळी सुखरूप आली, लखूपण. पण त्या रात्री आम्हाला काय ठाऊक? सुकतीच्या पाण्यात उधाण! माझ्या बापसाने चाळीस वर्षांत पाहिलं नसेल.

मग लाटा कमी झाल्या. काळोख असा की स्वतःचा हात दिसेना. सगळीकडून पाण्याचाच आवाज. आणि त्या काळोखात, कातळाच्या पायथ्याशी, कोणीतरी विचारलं.

"किती जण?"

मी बायच्या तोंडावर हात ठेवायला गेलो. तिने तो बाजूला केला. आणि आपल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "तीन हो. मी, माझा भाऊ आणि माझी तान्ही. तिघंही आहोत. धड आहोत."

मग एक लांब उसासा ऐकू आला. तो पाण्याचा होता की कोणाचा, मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आणि मग वाजला.

टण्ण... टण्ण...

संथ. एक-एक. जोडटोले मी ऐकले होते, हा संथ टोला आयुष्यात कधी नाही. पण ओळखला. आमच्या गावात तो कोणीही ओळखेल. मी बायचा दंड धरला. "बाय, हाच तो. याच टोल्यावर ती अकरा निघाली होती."

"होय."

"आणि तू उतरणार?"

ती म्हणाली, "तेव्हा त्याला हुकूम होता, धाकू. आता त्याला हुकूम द्यायला कोण राहिलंय?"

आणि उतरली हो! काळोखात, पोटाशी पोर बांधून, खाली पाणी आहे की नाही ठाऊक नसताना, माझी बाय कातळावरून खाली उतरली. मी तिच्या पदराचं टोक धरलं आणि मागे गेलो.

पाणी घोट्याला होतं.

वाट दिसत नव्हती. पण पुढे पावलं वाजत होती. चुबूक... चुबूक... तीच, मघाची. मघाशी त्यांना भिऊन धावलो होतो, आता त्यांच्याच मागून चाललो. आणि ऐका, काय सांगतो ते. ती पावलं सावकाश पडत होती. बाई आहे, जवळ तान्हं आहे, हे कळून पडत होती. बाय अडखळली की पावलं थांबायची. जिथे खड्डा आहे, मला ठाऊक होतं इथे कुठेतरी मोठा खड्डा आहे, तिथे पावलं वळसा घालून गेली. पोरसुद्धा रडायची थांबली. मागे तास चालूच. एक... एक... एक.

पायाला वाळू लागली तेव्हा मी खाली बसलो आणि वाळू मुठीत घट्ट धरून ठेवली. पावलं पाण्याच्या कडेला थांबली. एकही वाळूवर आलं नाही. बाय वळली आणि समुद्राकडे तोंड करून ओरडली, "पोचलो हो! तिघंही पोचलो!"

तास थांबला. पाण्यावर म्हातारं माणूस खाकरतं तसा आवाज आला. मग ती पावलं मागे गेली, गडाकडे. हळूहळू ऐकू यायची बंद झाली. घटकाभरात कातळावर पुरुषभर पाणी.

तर मास्तर, म्हणून सांगतो, त्या वाटेने जाऊ नका. कधीच जाऊ नका. तुम्हाला वाटेल, म्हातारा भुताचं भय घालतोय. तसं नाही. त्या रात्रीनंतर तास कोणीच ऐकला नाही. मी नाही, बायने नाही. ती पुढे बारा वर्षं गडावर राहिली, रोज रात्री खिडकी उघडी ठेवायची. काही नाही. सुटला असेल बिचारा. अकरा गेली होती त्याच्या हातून, तीन पोचली, कोणी त्याला तसं सांगितलं, तेवढ्याने सुटला असेल. आता त्या कातळावर कोणी नाही. उधाण आजही येतं, सुकतीलाही येतं, मागच्या साली दोन पोरं गेली कॉलेजातली. त्यांना थांबा म्हणायला कोणी नव्हतं. म्हणून नऊच्या होडीने जा. ऊन झालं तरी गड कुठे जात नाही. पाण्यात हात घालून बसा ताई, होडीत बरं वाटतं.

चला, मी पडतो आता. गुडघे धरलेत.

काय म्हणालात, ताई?

हां. बापूस. ते राहिलंच की. बसतो परत.

आम्ही घरी आलो तेव्हा काशीकाकू त्याच्या उशाशी बसलेली, दिवा लावून. मी आत शिरलो. बाय नाही शिरली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. केसांतून पाणी गळतंय, पोर छातीशी झोपलेली. बापसाचे डोळे मिटलेले. मला वाटलं, संपलं. तोच तो बोलला, "दारात कोण उभं आहे?"

"मी," बाय म्हणाली.

त्याने डोळे उघडले. तांडेलच तो, मरताना पण पाणीच डोक्यात. म्हणाला, "पाणी तर फिरलं असेल. उधाणाचा आवाज ऐकला मी. आलीस कशी?"

मी म्हणणार होतो, होडी मिळाली. खोटं बोलणार होतो. एवढ्याशा वेळासाठी खरं कशाला? पण बाय कसली ऐकते.

"तासावर आले, बाबा."

काशीकाकूने तोंडाला पदर लावला. मी भिंतीला टेकलो. म्हटलं, आता हा तोंड फिरवणार. बापूस तिच्याकडे बघत राहिला. तिच्या तोंडाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. मग नजर खाली आली. तिचे पाय कालवांनी कापलेले, रक्त आणि खारं पाणी उंबऱ्याच्या दगडावर ओघळत होतं. त्याचा श्वास आत गेला, वाळू घसरली, बाहेर आला.

मला म्हणाला, "धाकू, बघतोस काय नुसता? पाय ओले आहेत तिचे. पूस की. आणि आत घे तिला, पोरीला वारा लागतोय."

मी खुंटीवरचं कोरडं उपरणं काढलं. बायला उंबऱ्याच्या आत घेतली, पाटावर बसवली आणि तिचे पाय पुसले. आधी उजवा, मग डावा. बोटांच्या मधली वाळूसुद्धा काढली. बापूस दुसऱ्या दिवशी दुपारी गेला, बायच्या मांडीवर डोकं ठेवून. त्याने चूक झाली असं काही म्हटलं नाही, आणि बायने विचारलं नाही. पण त्या रात्री तिचे दोन्ही पाय कोरडे होईस्तोवर त्याने डोळे मिटले नाहीत.